अंतर पडणं आणि अंतर देणं : मुंबई–कराचीच्या एका आकड्याचं वाचन

मुंबई ते कराची : हवाई अंतर सुमारे 875 किलोमीटर. विमानाने लागणारा वेळ : 1 तास 35 मिनिटं.

हे दोन आकडे फोनवर मिळवायला पाच सेकंद पुरतात. ते चुकीचे नाहीत. मुंबईच्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, कराचीच्या जिन्ना विमानतळाचे घ्यायचे, पृथ्वी गोल धरून त्या दोन बिंदूंमधली सगळ्यात छोटी रेघ मोजायची. हे झालं अंतर. वेळेचं गणित त्याहून सोपं. प्रवासी विमान सरासरी ताशी 800 किलोमीटरच्या आसपास उडतं असं मानायचं, अंतराला त्या वेगाने भागायचं आणि उड्डाण-उतरणीसाठी वर अर्धा तास धरायचा. 875 भागिले 800 म्हणजे एक तास पाच मिनिटं. अधिक तीस. आलं उत्तर.

म्हणजे हा वेळ कुणी घड्याळ लावून मोजलेला नाही, कागदावर काढलेला आहे. मोजायचा म्हटलं तरी तो आज मोजता येणार नाही, कारण या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही. शेवटचं नियमित विमान मे 2017 मध्ये बंद झालं.

तरीही आकडा आहे. न उडणाऱ्या विमानाचा उड्डाणकाळ मिनिटांपर्यंत नेमका सांगणारं हे वाक्य मला फार रोचक वाटतं. एखादी कथा वाचावी तसं ते नीट वाचून बघू. त्याच्या शेजारी मंटोची एक कथा आणि दोन सिनेमे ठेवू, आणि मग विचारू की या 875 किलोमीटरांबद्दल खरं कोण बोलतं.

गाळलेली चतुर्थी

"मुंबईहून कराचीला जायला 1 तास 35 मिनिटं लागतात." मराठीत हे वाक्य सरळ वाटतं. पण वेळ ‘लागतो’ म्हटलं की तो कुणालातरी लागतो. मला दोन तास लागतात, तिला अर्धा तास लागतो. शाळेत ज्याला चतुर्थी म्हणून शिकवलं ते ‘मला’, ‘तिला’, ‘त्यांना’ या वाक्यातून गायब आहे. एरवी ते गाळलं तरी बिघडत नाही. "पुण्याला जायला तीन तास लागतात" यात ‘कुणालाही’ हे गृहीत असतं. मुंबई–कराचीच्या वाक्यात मात्र ते गृहीत धरता येत नाही. तिथे विचारावंच लागतं : कुणाला?

चतुर्थी परत घालून बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला आधी व्हिसा लागतो, आणि भारत-पाकिस्तानमधला व्हिसा साधारणपणे देशाचा नसतो, शहरांचा असतो. कोणत्या शहरात जाणार ते आधी सांगायचं. तेवढ्याच शहरांत फिरायचं. पूर्वी कराचीत भारताचं वाणिज्य दूतावास होतं आणि मुंबईत पाकिस्तानचं. दोन्ही 1994 मध्ये बंद झाली. समजा व्हिसा मिळालाच, तर विमान दुबईमार्गे. मुंबई–दुबई सुमारे 1,930 किलोमीटर, दुबई–कराची सुमारे 1,190. बेरीज 3,120. म्हणजे सरळ रेघेच्या साडेतीनपट, आणि मधल्या विमानतळावरचे तास वेगळे.

तुलनेसाठी : मुंबई–बंगळुरू हवाई अंतर साधारण 830 किलोमीटर आहे. मुंबई–दिल्ली 1,130 च्या पुढे. कराची मुंबईला दिल्लीपेक्षा जवळ आहे, आणि साधारण बंगळुरूइतकीच लांब. नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला आणि गणपतीला घरी येणारा मित्र आपल्यापैकी बहुतेकांना आहे. कराचीत गणपती बसतो. तिथे थोडी मराठी कुटुंबं अजून आहेत आणि ती उत्सव करतात. त्या गणपतीला इथून कुणी जात नाही.

‘इतकं जवळ, तरी इतकं दूर’

इथे एक वाक्य हमखास येतं : "इतकं जवळ, आणि तरी इतकं दूर." भारत-पाकिस्तानवरचे निम्मे लेख याच वाक्यावर संपतात. वाघ्यावरच्या माहितीपटात ते असतं, सीमेपलीकडच्या गायकाच्या मुलाखतीच्या प्रस्तावनेत असतं, फाळणीच्या प्रत्येक वर्धापनदिनाच्या पुरवणीत असतं. माझा आक्षेप या वाक्याला आहे.

ते खोटं नाही, पण आळशी आहे. त्यात कर्ता नाही. जवळ असलेलं दूर झालं, म्हणजे पाऊस पडला तसं काहीतरी झालं. हळहळायचं आणि पुढे जायचं. केलं कुणी, कधी, कोणत्या कारणाने, हे विचारायची सोयच ते ठेवत नाही.

मराठीत या प्रश्नासाठी हातातच हत्यार आहे. आपल्याकडे ‘अंतर’ दोन क्रियापदांबरोबर येतं. दोन मित्रांमध्ये अंतर पडतं. ते आपोआप होतं, दोष कुणाचाच नसतो. पण "मला अंतर देऊ नकोस" असंही आपण म्हणतो. इथे अंतर ही एकाने दुसऱ्याला द्यायची गोष्ट आहे. अंतर देणं म्हणजे सोडून देणं, टाकणं. देणारा आहे, घेणारा आहे, आणि देण्याचा दिवस आहे. मुंबई–कराचीचं अंतर या दुसऱ्या प्रकारचं आहे. ते दिलं गेलंय, हप्त्याहप्त्याने, आणि जवळजवळ प्रत्येक हप्त्याला तारीख आहे.

तारखांची गोष्ट

15 ऑक्टोबर 1932. जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ नावाच्या छोट्या विमानात निघाले. सोबत टपालाची पिशवी. अहमदाबादला थांबून, पेट्रोल भरून, दुपारी मुंबईत जुहूला उतरले. पुढे तेच टपाल दुसऱ्या वैमानिकाने, नेव्हिल व्हिन्सेंट यांनी, बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. ज्या सेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली तिचं पहिलं उड्डाण हे. ते कराचीहून सुरू झालं, कारण लंडनचं हवाई टपाल तोवर कराचीपर्यंत येत होतं आणि तिथून पुढे मुंबईकडे न्यायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी हा प्रवास परदेशाचा तर नव्हताच, परप्रांताचाही नव्हता. सिंध मुंबई इलाख्यात होता. तो वेगळा झाला 1 एप्रिल 1936 ला. कराचीतली पहिली सरकारी शाळा 1855 मध्ये सुरू झाली. ती आज नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते आणि अजून चालू आहे.

मग 1947. त्यानंतरही विमानं आणि बोटी काही काळ चालू राहिल्या, हे आपण विसरतो. देश वेगळे झाले म्हणून रस्ता त्याच दिवशी बंद झाला नाही.

30 जानेवारी 1971 ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. 4 फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. कराचीहून ढाक्याला जाणारी विमानं श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली. डिसेंबरात युद्ध झालं. हवाई संपर्क पुन्हा जुळला 1976 मध्ये.

13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला. 1 जानेवारी 2002 पासून आकाश बंद. 1 जानेवारी 2004 ला पुन्हा चालू. बालाकोटनंतर पाकिस्तानने 27 फेब्रुवारी 2019 ला आकाश बंद केलं, 16 जुलैला उघडलं. 22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये 26 माणसं मारली गेली. 24 एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, 30 एप्रिलला भारताने पाकिस्तानी कंपन्यांना. ही बंदी मग एकेका महिन्याने वाढत गेली.

या यादीत दोन गोष्टी दिसतात. एक, बंद झालेलं अनेकदा उघडलंही आहे. ‘कायमचं दूर’ असं काही नव्हतं. दुसरी गोष्ट माझ्याच मुद्द्याला अडचणीची आहे : मे 2017 मध्ये कराची–मुंबई विमान थांबलं तेव्हा कुणाचा आदेश नव्हता. प्रवासी कमी, मार्ग तोट्याचा, म्हणून कंपनीने तो बंद केला. पण प्रवासी कमी का? व्हिसा मिळत नाहीत म्हणून. आधी कागदाने माणसं कमी केली, मग रिकाम्या खुर्च्यांनी विमान बंद केलं. अंतर देण्याची ही सगळ्यात सफाईदार पद्धत. इथे देणारा हात दिसतच नाही.

आणि याच यादीत एक सुंदर विसंगती आहे. 1962 मध्ये पहिल्या उड्डाणाला तीस वर्षं झाली तेव्हा जेआरडींनी कराची–मुंबई उड्डाण पुन्हा केलं. 1982 मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा परत केलं, वयाच्या 78 व्या वर्षी, एकट्याने, लेपर्ड मॉथ या जुन्या विमानात. दोन उड्डाणांच्या मध्ये दोन युद्धं झाली होती. भारताच्या राष्ट्रीय विमान कंपनीला आपला वाढदिवस साजरा करायला परदेशातून निघावं लागलं आणि त्या देशाने निघू दिलं. या उड्डाणाकडे आपण एका उद्योगपतीची हौस म्हणून बघतो. मला तो या विषयावरचा एक चांगला प्रयोग वाटतो. त्यात भाषण नाही, अश्रू नाहीत. ‘हे अंतर कापता येतं’ एवढंच एका म्हाताऱ्या माणसाने दाखवून दिलं.

मंटोची बोट

फाळणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वे येते. प्रेतांनी भरलेले डबे, टपावर बसलेली माणसं, पंजाबची धूळ. हे चित्र खरं आहे, पण ते पंजाबचं आहे. मुंबई आणि कराची यांच्यातली फाळणी बोटीने झाली. त्या बोटीवर लिहिलेली एक मोठी कथा आपल्याकडे आहे आणि ती ‘टोबा टेकसिंह’च्या सावलीत राहून गेली : मंटोची ‘सहाय’.

सआदत हसन मंटो मुंबईत भायखळ्याच्या क्लेअर रोडवर राहायचा. सिनेमांसाठी लिहायचा. जानेवारी 1948 मध्ये तो बोटीने कराचीला गेला आणि तिथून लाहोरला. का गेला, याबद्दल त्याने स्वतः एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याचा जिवलग मित्र, नट श्याम, पंजाबातून पळून आलेल्या शीख कुटुंबाच्या हकिकती ऐकत होता. मंटोने त्याला नंतर विचारलं की, मी मुसलमान आहे, मला मारावंसं नाही वाटलं? श्यामने खरं उत्तर दिलं : आत्ता नाही, पण ते ऐकताना वाटलं होतं.

‘सहाय’मध्ये हाच प्रसंग वेगळ्या नावांनी येतो. जुगलचा काका लाहोरात मारला गेला आहे. त्या सुन्न अवस्थेत तो मुमताजला सांगतो की आपल्या मोहल्ल्यात दंगल पेटली तर कदाचित मी तुला मारीन. मुमताज काही बोलत नाही. सामान बांधतो. मित्र त्याला बंदरावर सोडायला येतात, बोटीवर चढतात. तिथे मुमताज त्यांना सहायची गोष्ट सांगतो. सहाय हा बनारसचा एक हिंदू. मुंबईत बायकांचा दलाल, पण व्यवहारात चोख. पैसे साठवून गावी कापडाचं दुकान टाकायचं त्याच्या मनात. दंगलीत भोसकलेला सहाय रस्त्यावर पडलेला असताना मुमताजला दिसतो. मरता मरता तो एका मुलीचे दागिने आणि पैसे मुमताजच्या हाती देतो आणि तिला पोचते करायला सांगतो.

कथेचं मोठेपण मला तिच्या मोजमापात दिसतं. मुंबई ते कराची हे अंतर मंटो समुद्रात सुरू करत नाही. ते एका खोलीत सुरू होतं, एका वाक्याने, बोलणारा आणि ऐकणारा हातभर अंतरावर बसलेले असताना. बोट फक्त ते पुरं करते. आणि मंटो हे वाक्य खलनायकाच्या तोंडी देत नाही. मित्राच्या तोंडी देतो, ज्याचा काका खरंच मेलेला आहे, ज्याचं दुःख खरं आहे. अंतर देणाऱ्याकडेही कारण असतं, हे मंटोला माहीत आहे. ते लपवून त्याला जुगलला वाईट ठरवायचं नाही, आणि ते सांगून त्याला माफही करायचं नाही. कथेच्या शेवटी जुगलच्या तोंडी एक छोटी इच्छा येते. ती इथे सांगत नाही. ती कथेतच वाचावी.

कथेत कच्चे दुवे आहेत. भोसकलेला सहाय नेमका मुमताजच्याच वाटेत पडलेला सापडतो, हा योगायोग लेखकाने ओढून आणलेला आहे. सहाय स्वतः जरा जास्तच स्वच्छ आहे. दलालाच्या धंद्यातली घाण त्याला लागतच नाही. आणि जिचे दागिने पोचवायचे आहेत त्या मुलीला, सुलतानाला, कथेत स्वतःचा आवाज नाही. पुरुषांच्या प्रामाणिकपणाची कसोटी म्हणूनच ती आहे. या सगळ्यासकट ‘सहाय’ मला या विषयावरची सगळ्यात प्रामाणिक कथा वाटते. ‘इतकं जवळ तरी इतकं दूर’ या वाक्याचा मोह तिला क्षणभरही पडत नाही. तिथे दूर कोण करतंय ते दिसतं.

उलट्या दिशेनेही बोटी येत होत्याच. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदू मोठ्या संख्येने निघाले. म्हणजे मंटो ज्या महिन्यात मुंबईहून कराचीला गेला, त्याच महिन्यात कराचीहून मुंबईकडे माणसं येत होती. त्यातली अनेक कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत ठेवली गेली. त्या छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. आपण लोकलच्या डब्यात ते नाव रोज ऐकतो. 875 किलोमीटरांचं दुसरं टोक कर्जतच्या वाटेवरचं एक स्टेशन आहे.

कुंपण आणि कचेरी

आता सिनेमा. हिंदी सिनेमात सीमा म्हणजे बहुतेक वेळा कुंपण. ‘बजरंगी भाईजान’ (2015) घ्या. त्यात सुरुवातीला कचेरी येते : मुलीला घरी पाठवायला व्हिसा हवा, पण पाकिस्तानी उच्चायुक्तालयाबाहेर राडा होतो आणि तो मार्ग बंद होतो. सिनेमा या कचेरीपाशी फार थांबत नाही. तो वाळवंटाकडे, भुयाराकडे, तारेकडे धावतो, कारण तारेपाशी नायक काहीतरी करू शकतो. शेवटी बर्फात दोन्हीकडची गर्दी जमते आणि चांगुलपणापुढे फाटक उघडतं. थिएटरात मीही डोळे पुसले. सिनेमा त्याचं काम चोख करतो.

पण तो आपल्याला एक सोयीचं खोटं देऊन जातो : अंतर तारेमुळे आहे आणि मोठ्या मनाच्या माणसापुढे तार टिकत नाही. प्रत्यक्षात तारेपर्यंत जायची वेळच बहुतेकांवर येत नाही. त्यांचं अंतर खिडकीवरच्या कारकुनापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. कचेरीपुढे मोठं मन काय करणार? अर्जात त्यासाठी रकाना नसतो.

शेजारी मेहरीन जब्बारचा ‘रामचंद पाकिस्तानी’ (2008) ठेवा. थरच्या नगरपारकरमधलं एक दलित हिंदू कुटुंब. आईवर रुसलेला लहान मुलगा चालत चालत सीमा ओलांडतो. त्याच्या मागे बाप. तिथे सीमा म्हणजे काही दगड. दोघं भारतीय तुरुंगात पडतात आणि वर्षं जातात. काळ 2002 चा, म्हणजे आकाश बंद असण्याचाच. नंदिता दासने केलेली आई मागे राहते. नवरा आणि मूल कुठे आहेत हे तिला सांगणारं कुणी नाही.

या सिनेमाची गती अनेकांना संथ वाटेल. मधला भाग तुरुंगातल्या दिनक्रमात रेंगाळतो हे खरंच. पण त्याला कळलेली गोष्ट मोठ्या सिनेमाला कळलेली नाही : इथे अंतराचं एकक किलोमीटर नाही, वर्ष आहे. पोरगा सीमा ओलांडतो काही पावलांत. परत यायला त्याचं बालपण जातं.

पालघरचा वळसा

‘रामचंद’सारखी गोष्ट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही घडते. पालघर-डहाणू पट्ट्यातले अनेक जण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छच्या बाजूला सर क्रीकपाशी समुद्रातली सीमा दोन्ही देशांना मान्य होईल अशी आखलेलीच नाही. त्या वादात आजही ज्या कागदाचा आधार घेतला जातो तो 1914 चा ठराव मुंबई सरकारचा आहे. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. पाण्यावर रेघ दिसत नाही. बोट पकडली जाते, खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. गुजरातच्या तुरुंगांत पाकिस्तानी मच्छीमार असतात, ते अशाच कारणाने.

2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांना कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी देतात. संबंध कितीही बिघडलेले असोत, या दोन तारखांना याद्या जातात. मला वाटतं, या दोन शहरांमधल्या अंतरावरचा सगळ्यात खरा मजकूर तोच असावा. त्यात चतुर्थी गाळलेली नाही. कुणाला, ते लिहिलेलं असतं.

सुटका झाल्यावर हे खलाशी समुद्राने परत येत नाहीत. मे 2023 मध्ये 198 भारतीय मच्छीमार मलीरमधून सुटले, तेव्हा त्यांना कराचीहून लाहोरला, तिथून वाघा-अटारीला आणलं गेलं. अटारीहून पुढे आपापल्या गावी. पालघरच्या माणसासाठी हा जमिनीवरचा वळसा सुमारे 3,000 किलोमीटरचा होतो. दुबईमार्गे विमानाचा वळसा 3,120 चा. पासपोर्ट-व्हिसावाला पश्चिमेकडून फिरून येतो, तुरुंगातून सुटलेला उत्तरेकडून, आणि दोघांचा फेरा जवळपास सारखाच भरतो.

इथे दुसरी बाजू पूर्ण वजनाने मांडली पाहिजे. नोव्हेंबर 2008 मध्ये कराची ते मुंबई हा समुद्र दहा जणांनी ओलांडला. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी बोट पळवली, तिच्या तांडेलाला मारलं, आणि ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. 166 माणसं गेली. त्या रात्रीनंतर किनाऱ्यावर पहारा का वाढला, परक्या बोटीकडे संशयाने का बघितलं जातं, हे मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. ज्यांचं माणूस सीएसएमटीच्या फलाटावर गेलं, त्यांना ‘जवळ’ या शब्दातला गोडवा ऐकवू नये.

पण ‘सहाय’ने शिकवलेली गोष्ट इथेच कामाला येते. कारण खरं असलं म्हणून दिलेलं अंतर तपासायचं नाही, असं होत नाही. जुगलचा काका खरंच मेला होता, आणि तरी मुमताजने त्याला मारलेलं नव्हतं. ‘कुबेर’चा तांडेल आणि मलीरमधला पालघरचा खलाशी एकाच धंद्यातले, एकाच पाण्यातले. एकाला दहशतवाद्यांनी मारलं, दुसऱ्याला संशयाने डांबलं. आणि एक साधी नोंद : 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतरही कराची–मुंबई विमान 2017 पर्यंत येत-जात होतं. तेव्हा सरकारांना पहारा आणि विमान दोन्ही एकाच वेळी ठेवता येत होतं.

आकडा कसा वाचावा

मग त्या 1 तास 35 मिनिटांचं काय करायचं? ते खोटं म्हणून फेकून द्यावं असं मला वाटत नाही. उलट तो आकडा जपून ठेवण्यासारखा आहे. तारखांची यादी वाढत जाईल, बंद्या येतील, उठतील. तो मात्र बदलत नाही. वळसा किती आहे हे कळायला आधी सरळ रेघ माहीत असावी लागते. सरळ रेघ विसरलो की 3,000 किलोमीटर हेच खरं अंतर वाटायला लागतं, आणि कराची युरोपाइतकी लांब भासते. आपल्या पिढीचं तसं बऱ्यापैकी झालंही आहे. तिथल्या मालिका आपण बघितल्या, कोक स्टुडिओ ऐकला, आणि तरी ते शहर बंगळुरूइतक्याच अंतरावर आहे हे ऐकून चमकतो.

फक्त आकडा वाचताना गाळलेला शब्द परत घालायची सवय लावून घ्यावी. केवळ याच दोन शहरांसाठी नाही. सोल ते प्योंगयांग अंतर 200 किलोमीटरच्या आत आहे. त्या वाक्यातही ‘कुणाला’ गाळलेलं आहे. तैपेई–शांघाय विमानांना 2008 पर्यंत हाँगकाँग किंवा मकाऊमार्गे जावं लागे. मग थेट विमानं सुरू झाली आणि तेच अंतर एका वर्षात कमी झालं. समुद्र आटला नव्हता. सह्या झाल्या होत्या.

‘इतकं जवळ, तरी इतकं दूर’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की त्या लेखकाला एवढंच विचारावं : दूर कुणी केलं, कोणत्या तारखेला, आणि कुणाला? मंटोने हे तिन्ही सांगितलं होतं, आणि त्यासाठी त्याला काही पानांची एक कथा पुरली. पुढची यादी 1 जानेवारीला किंवा 1 जुलैला येईल. बातमीत ती दोन ओळींची असते. ती वाचावी, त्यातला मच्छीमारांचा आकडा बघावा, आणि 875 च्या शेजारी लिहून ठेवावा.